चैत्रातली बुखारी

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या जावयांची गेल्या वर्षी श्रीनगरला बदली झाली. मागोमाग लेक आणि तीन वर्षांचा नातूही तिकडे गेले. “थंडीचे पहिले तीन महिने बुखारीने आम्हांला तारले, असे मुलगी फोनवर सांगे,” त्या लिहितात. “पण मार्च उजाडला आणि तीच बुखारी डोळ्यांत पाणी आणू लागली. कधी पेटत नाही, पेटली तर खोलीभर धूर, आणि धूर थांबला तर इतकी तापते की पोर घामाने निथळते. थंडी कमी झाल्यावर त्रासही कमी व्हायला हवा ना? उलटे कसे झाले? आता पुन्हा हिवाळा तोंडावर आला आहे, म्हणून विचारते.”

प्रश्न मार्चचा आणि विचारला दिवाळीत, हे एका परीने उत्तमच झाले. मार्चात बुखारीत काय जळणार, ते याच दिवसांत ठरत असते. पण त्याकडे मागाहून येऊ.

ज्यांनी बुखारी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी तिची ओळख. पत्र्याचे पिंप, वर लाकूड टाकायला झाकण, खाली हवा आत जायला आणि राख काढायला दार, आणि पाठीतून निघून छताकडे किंवा भिंतीबाहेर गेलेली लांब नळी. मूळ अरबी ‘बुखार’ म्हणजे वाफ. हिंदीने त्याचा ताप केला, आणि आपल्याकडे ताप म्हणजे काय हे कोणाही गृहिणीला विचारावे. तेव्हा नाव वाजवी आहे. आपल्या आजीचा तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणा. पाणी काढून टाका, नळी लांब करा, की झाली बुखारी! नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्यांनी बंब पेटवला आहे त्यांना निम्मे शास्त्र आधीच ठाऊक आहे. पहिला धूर डोळ्यांत जातो, मग एकदम नळी ‘ओढू’ लागते, आणि त्यानंतर बंब कोणाचे काही मागत नाही. ही जी ओढ, तीच साऱ्या गोष्टीची किल्ली.

आता तिकडचे ऋतुमान. श्रीनगर समुद्रसपाटीपासून जवळजवळ १६०० मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या थंडीचे तिथे चक्क हिशेब ठेवतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलाँ, मग वीस दिवस चिल्ले खुर्द, आणि शेवटचे दहा दिवस चिल्ले बच्चा. थोरला, धाकटा आणि शेंडेफळ! या सत्तर दिवसांत बुखारीचा काही प्रश्नच नसतो. सकाळी पेटवावी आणि रात्रीपर्यंत भरत राहावी. नंतर येतो ‘सोंथ’, म्हणजे त्यांचा वसंत. बदाम फुलतो, लोक फुले पाहायला बाहेर पडतात, दुपारी स्वेटर नकोसा होतो. आणि त्याच संध्याकाळी पश्चिमेकडून ढग येतात, पाऊस पडतो, गाराही पडतात, आणि रात्री पुन्हा दातांवर दात. आपला गुढीपाडवा तोच काश्मिरी पंडितांचा ‘नवरेह’. तांदूळ, अक्रोड, दही, लेखणी अशा वस्तूंनी भरलेले ताट त्या पहाटे डोळे उघडताच आधी पाहायचे असते. पुण्यात आपण त्या दिवशी पंखा लावतो. तिकडे ताटाचे दर्शन झाले की आधी काड्याची पेटी शोधावी लागते.

मग हिवाळ्यात गुणी असणारी बुखारी सोंथात का बिघडते? नळीला ओढ लागते ती आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी, असल्यामुळे. जानेवारीत बाहेर शून्याखाली, आत शेकडो अंश. अंतर मोठे, ओढ जोरदार. मार्च-एप्रिलच्या दुपारी बाहेर पंधरा-वीस अंश आणि नळी गार, ओढ अर्धमेली. कधी तर गंमत उलटीच होते. हिवाळाभर गारठलेले विटा-दगडांचे घर आतून थंडच असते आणि बाहेर ऊन पडलेले. अशा वेळी नळीतली गार हवा जड होऊन खालीच उतरते. त्या क्षणी बुखारी पेटवणे म्हणजे सगळा धूर घरात बोलावणे. ठाण्याच्या बाईंच्या लेकीचा यात काही दोष नाही, आणि बुखारीचाही नाही. दुपारी ती पेटवूच नये. खिडक्या उघडून सूर्याला आत घ्यावे; तो फुकट आहे आणि धूर करत नाही.

संध्याकाळी पेटवण्यापूर्वी मात्र नळीला जागे करावे लागते. वर्तमानपत्राचे एकदोन चुरगळलेले कागद नळीच्या तोंडाशी जाळायचे, आणि त्या मिनिटभरासाठी जवळची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. नळीत ‘हू’ असा आवाज आला की ओढ लागली. मगच काड्या, मगच ढलप्या.

खरा घोटाळा यापुढे होतो. आग चांगली लागते, खोली वीस मिनिटांत तापते, सगळे शाली टाकून देतात, आणि कोणीतरी शहाणपणाने खालचे दार लावून घेते, नळीतली झडप असेल तर तीही आवळते. हेतू हा की लाकूड हळूहळू जळावे, रात्रभर पुरावे. गॅसची शेगडी बारीक करायची आपली सवय! पण लाकडाचे तसे नाही. लाकूड तापले की आधी त्यातून वायू सुटतो. त्याला हवा आणि उष्णता मिळाली तर ज्वाला होते, नाही मिळाली तर धूर. म्हणजे धूर हे न जळलेले जळणच की! पैसे देऊन आणायचे आणि नळीवाटे सोडून द्यायचे. शिवाय तो सगळाच बाहेर जात नाही. गार नळीत त्याचे पाणी होते, डांबरासारखा चिकट थर बसतो; नळीच्या सांध्यांतून जे काळे थेंब गळतात ते हेच. इंग्रजीत त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर साचत गेला आणि एखाद्या दिवशी मोठी आग केली की तोच पेटतो. नळी लाल होते, आणि वर असते काश्मीरचे लाकडी छत. खतमबंदीचे नक्षीकाम कितीही सुंदर असले तरी शेवटी ते लाकूडच.

या बाबतीत थोरामोठ्यांनाही धडे घ्यावे लागले आहेत. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० नंतरच्या काळात लोखंडी शेकोटी तयार केली, १७४४ साली तिच्यावर पुस्तिका काढली, आणि देऊ केलेले पेटंटही लोकोपयोगासाठी नाकारले. एवढे सगळे झाले, पण त्यांनी धूर आधी खाली नेऊन मग वर वळवला होता. नळी सतत तापलेली असेल तरच ते साधे. जरा गार पडली की धूर घरात. पुढे डेव्हिड रिटनहाउस यांनी धुराची वाट सुधारून नळी नीट वर नेली तेव्हा ती शेकोटी माणसांत आली. तेव्हा बुखारीची नळी खोलीभर फिरवून ‘ऊब जास्त मिळते’ असे सांगणारा मिस्त्री भेटला, तर त्याला चहा द्यावा आणि नळी सरळ ठेवायला सांगावे. जितकी वळणे कमी तितके बरे.

उपाय सोपा आहे, फक्त सवय मोडावी लागते. मोठी आग गुदमरवून लहान करायची नाही. मुळातच लहान पेटवायची. मनगटापेक्षा बारीक फोडलेल्या सात-आठ ढलप्या, दार उघडे, ज्वाला लख्ख. पाऊण तास जळू द्यावे, विझू द्यावे. रात्री गारठले तर पुन्हा तेवढेच. पत्र्याची बुखारी लवकर तापते आणि लवकर निवते. एरवी हा तिचा दुर्गुण म्हणून सांगतात. माझ्या मते सोंथात यापरता गुण नाही. तापलेल्या दगडी फरशीचा हमाम जानेवारीत राजेशाही खरा, पण एप्रिलच्या संध्याकाळी तो तापेपर्यंत झोपायची वेळ होते.

आणि आता लाकूड. आपल्याकडे बाभळीचे निखारे आणि पांगाऱ्याची भुरभुर यांतला फरक चूल पाहिलेल्यांना माहीत आहे. तिकडे सफरचंदाचे लाकूड जड, रेंगाळत जळणारे. ते चिल्ले कलाँसाठी. विलो आणि पॉप्लर हलकी, भडकून जळणारी. ती वसंतासाठी राखून ठेवावीत. हिवाळ्याच्या शेवटी बागांत सफरचंदाची छाटणी होते आणि फांद्या स्वस्तात दारी येतात. त्या जरूर घ्याव्या, पण पुढच्या हिवाळ्यासाठी! नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. जाळायच्या लाकडात ते पाचव्या हिश्शाहून कमी हवे. ओले लाकूड आधी स्वतःचे पाणी उकळते, मग उरले तर तुमच्या खोलीला ऊब देते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्या. ‘टण्’ वाजल्या तर वाळल्या, ‘धप्’ वाजल्या तर थांबावे. म्हणून म्हटले की मार्चची गोष्ट दिवाळीत ठरते. लेकीला आजच सांगावे की वाळकी, हलकी लाकडे पागोळीखाली वेगळी रचून ठेव आणि जानेवारीत त्यांना हात लावू नकोस.

आता जे सांगायचे आहे ते नातवासाठी. धूर त्रास देतो, पण धूर निदान दिसतो. ज्वाला संपून निखारे उरतात तेव्हा धूर नसतो, वास नसतो, आणि नेमका तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त सुटतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. ‘निखारे छान आहेत, झडप लावून झोपू या, ऊब टिकेल,’ हे वाक्य काळजात धस्स करणारे आहे. जानेवारीत नळीची जबर ओढ तो वायू बाहेर नेत असते. एप्रिलच्या ऊबदार, निवांत रात्री ती नेईलच असे नाही. झोपण्यापूर्वी आग पूर्ण विझलेली असावी, आणि खिडकीची फट उघडी. घरातल्या दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळू लागले, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर ती सर्दी नव्हे. मुलाला उचलून आधी मोकळ्या हवेत न्यावे आणि मग थेट डॉक्टरांकडे. या वायूची सूचना देणारे लहानसे यंत्र मिळते. आजीने नातवाला यंदा दिवाळीची भेट म्हणून तेच पाठवावे. खेळणी इतर लोक आणतीलच.

आणि ठाण्यात बसून काश्मीरची काळजी करणाऱ्या आपणां सर्वांच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे का, तेही पाहून घ्या. दार बंद, खिडकी बंद, आणि आत तोच वायू. त्याला तर पुष्कळदा नळीही नसते. अभ्यंगस्नानाचे पाणी आधी बादलीत काढावे, गीझर बंद करावा, मग कडी लावावी.

बुखारी उतरवायची घाई मात्र करू नये. पहिली चार दिवस ऊन पडले की हात शिवशिवतात, पण बैसाखीनंतरही गारांचा एखादा फेरा येऊन जातो. खात्रीने उकडू लागले की नळी सुटी करून अंगणात न्यावी, काठीने ठोकून काजळी झाडावी, गंजलेला तुकडा तेव्हाच बदलून घ्यावा. भिंतीतल्या भोकात जुन्या कापडाचा बोळा घट्ट बसवावा, नाहीतर मैना तिथे घरटे करते. आणि बोळा कुठे बसवला आहे ते कॅलेंडरच्या नोव्हेंबरच्या पानावर लिहून ठेवावे.