औषधाच्या पाकिटावरचा क्यूआर कोड वाचता का?

भाजीवाल्याला पैसे देताना तुम्ही जो चौकोनी कोड स्कॅन करता, तसाच कोड काही औषधांवरही असतो. तो कधी स्कॅन करून पाहिलात का?

क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा यांनी तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. साध्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरे मावत. यात ७,०८९ अंकांपर्यंत मावतात.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचे मूळ नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख असते. बारीक छपाई न दिसणाऱ्या आजी-आजोबांसाठी ही मोठीच सोय आहे.

पण आपल्याकडे दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार कापून घेतात. कोड दुकानातच राहतो आणि घरी येते नाव-तारीख नसलेली चांदीसारखी पट्टी! म्हणून माझे स्पष्ट मत आहे: कोड फक्त ३०० ब्रँडवर नको, सर्व औषधांवर हवा आणि पट्टी कापली तरी प्रत्येक तुकड्यावर नाव व मुदत दिसायला हवी.

तोपर्यंत पट्टी कापण्याआधी कोडचा फोटो काढा. स्कॅन केलेली माहिती छापील मजकुराशी ताडून पाहा. कोड हुबेहूब छापता येतो, त्यामुळे तो जुळला म्हणजे औषध अस्सलच, असे समजू नका. पक्के बिल घ्या. शंका आल्यास गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा.