टेबलाखालचा षड्ज

चार-पाच हजार रुपये घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचे स्पीकर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकापुढे दुकानदार बहुधा तीन नगांचा संच मांडतो. टेबलावर ठेवायचे दोन चिमुकले स्पीकर आणि खाली ठेवायचा एक जाडजूड सबवूफर. त्याच किमतीत नुसते दोन, पण जरा मोठे स्पीकरही मिळतात. सबवूफरशेजारी ते अगदीच गरीब दिसतात. ज्याला गाणं ऐकायचं आहे, त्यातही गळ्यातून आलेलं गाणं, त्याने एवढ्या पैशांत ते गरीब दोनच घ्यावेत, असं माझं मत आहे. त्यामागे आवडीनिवडीपेक्षा हिशेब जास्त आहे.

आधी वॉटचा निकाल लावू. स्वस्त संचांच्या खोक्यांवर पीएमपीओ या नावाखाली हजार-दोन हजार वॉट छापलेले दिसतात. या मापाला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही, तेव्हा तो आकडा न वाचलेलाच बरा. आरएमएस वॉट त्यामानाने प्रामाणिक, पण तेही अनेकदा आवाजात १० टक्के विकृती आलेली असताना मोजलेले असतात. वीज कुठून येते ते पाहिलं की बराच उलगडा होतो. संगणकाचं जुनं यूएसबी पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट देतं. यूएसबी ३चं पोर्ट साडेचार. निव्वळ त्यावर चालणारा स्पीकर सलग याहून जास्त शक्ती आणणार कुठून? आणि गंमत अशी, की टेबलाशी बसणाऱ्याला फार जास्त लागतही नाही. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. तेवढी वाढ वॉटमधून मिळवायची तर शक्ती चौपट करावी लागते. दिवाणखान्यात आठ फुटांवर बसणाऱ्याच्या तुलनेत दोन फुटांवर बसणाऱ्याला असे सोळापट वॉट फुकटात मिळालेले असतात. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे हा फायदा काहीसा कमी भरतो, पण उरतो तो पुष्कळ असतो. शिवाय इतक्या जवळून कानाला मुख्यतः स्पीकरचाच आवाज पोचतो, खोलीचा नाही. दिवाणखान्यातल्या महागड्या संचालाही हे सहज साधत नाही.

सबवूफरचा हिशेब गायकाच्या पट्टीवरून मांडता येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर पडतो. मंद्र पंचम १०४ च्या आसपास, मध्य सप्तकातला पंचम २०८ वर. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २३३ हर्ट्झ. आता त्या संचातले टेबलावरचे स्पीकर पाहा. आतला ड्रायव्हर, म्हणजे हवा ढकलणारा पडदा, जेमतेम दोन-अडीच इंची. दोनशे हर्ट्झच्या खाली तो धड उतरत नाही, म्हणून तिथून खालचं सगळं सबवूफरवर सोपवलेलं असतं. सिनेमासाठीच्या चांगल्या यंत्रणेत ही वाटणी ८० हर्ट्झच्या आसपास करण्याची रीत आहे, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला जवळपास कळत नाही. दीडशे-दोनशेला ते चांगलं कळतं. परिणामी आपल्या गायकाचा षड्ज टेबलाखाली पायांपाशी उमटतो आणि त्याच षड्जाचे उपस्वर टेबलावर. तो पंचमाकडे चढला की आवाजही जमिनीवरून वर येतो. त्यात स्वस्त सबवूफरचं खोकं पातळ पाटाचं आणि एका ठरावीक स्वरावरच जोरात घुमणारं असतं. मग तबलजीने डग्ग्यावर कितीही नजाकतीने मींड काढली तरी ती एकाच सुरातली धप होऊन बाहेर पडते. तेवढ्याच पैशांत तीनऐवजी दोनच खोकी घेतली तर त्यांत साडेतीन इंची ड्रायव्हर मिळण्याची शक्यता वाढते. अडीच इंचीच्या तुलनेत हवा ढकलणारं त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. असा स्पीकर शंभर हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरतो, आणि अख्खा गळा एकाच जागेवरून ऐकू येतो.

यावर रास्त हरकत येते ती खर्जाची. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची, डग्ग्याचा घुमाराही खालचाच. तो सगळा सोडून द्यायचा? पूर्ण सोडावा लागत नाही. जुना लँडलाइन फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर त्याच्या पुष्कळ खाली असतो, तरी फोनवर वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटायचा. उपस्वर नीट पोचले तर मूळ स्वराची जागा मेंदू स्वतः भरून काढतो. तंबोऱ्याचं वैभव तर उपस्वरांतच आहे, जवारी लावायची ती त्याचसाठी. तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात ते शाईमुळे, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं. तबला सुरात लावता येतो तो याच गुणामुळे. हा सगळा ऐवज मधल्या पट्ट्यात असतो आणि मधला पट्टा स्वस्त सबवूफरच्या हाती गेला की गढूळ होतो. छातीत जाणवणारा डग्गा मात्र छोट्या स्पीकरमधून येणार नाही, हे कबूल करायलाच हवं.

दुसरी हरकत अधिक टोकदार आहे. आवाज कमी केला की कान खर्जाला जास्तच मंद होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला म्हणूनच खर्ज थोडा वाढवून लागतो. पण स्पीकर मागच्या भिंतीला चिकटवले की तो आपसूक वाढतो; उरलेलं काम संगणकातला इक्वलायझर करतो. सोसायटीत राहणाऱ्याने आणखी एक लक्षात घ्यावं. भिंत ओलांडून जातो तो मुख्यतः खर्जच. शेजाऱ्याला आपलं गाणं ऐकू येत नाही, फक्त धपधप ऐकू येते. ज्यांना गाण्यात चाळीस-पन्नास हर्ट्झचा ठोकाच हवा आहे, त्यांना माझा युक्तिवाद लागू नाही. त्यांनी खुशाल सबवूफर घ्यावा आणि शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवावेत.

हेडफोनवाल्यांचं म्हणणं मला जास्त अडवतं. तेवढ्याच पैशांत हेडफोन अधिक स्वच्छ आणि अधिक खोल वाजतो, यात वाद नाही. एकट्याने, तासभर, रात्री ऐकायचं असेल तर तोच घ्यावा. मात्र अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो आहेत. हेडफोनवर तो आवाज डोक्याच्या मधोमध अडकून बसतो, दोन स्पीकरवर तो समोर, दोन्हींच्या मध्ये उभा राहतो. आणि घरात गाणं चाललेलं असणं आणि एकाच्या कानात चाललेलं असणं यांतला फरक डेसिबलमध्ये मोजता येत नाही.

निवडताना डोळे फसवतात, याला पुरावा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा गुण बदलले. दोन स्पीकरांत जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, म्हणून आवाज सारखा करूनच तुलना करावी. दुकानात बहुधा ठेक्याची गाणी लावतात. त्याऐवजी मोबाइलवरून तंबोरा लावावा आणि स्वयंभू गंधार शोधावा. तो खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर, काळी एकच्या तंबोऱ्यात सुमारे ३४६ हर्ट्झवर. चांगल्या स्पीकरमध्ये तो क्षणभर उमलून विरताना ऐकू येतो, वाईटात सगळा तंबोरा एकच गुणगुण होतो. दुकानाच्या कोलाहलात हे जमलं नाही, तर परत करता येईल अशाच बोलीवर घ्यावा आणि घरी ऐकावा.

घरी आणल्यावर दोन्ही स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण साधावा. बहुतेक लोक स्पीकर टेबलावर सपाट ठेवतात. मग निम्मा आवाज पोटाकडे जातो आणि टेबलावरून आपटून कानापर्यंत येतो तो उशिराने, मूळ आवाजात मिसळून त्याला पोकळ करत. क्रिएटिव्ह कंपनीच्या पेबल या छोट्या स्पीकरची तोंडं ४५ अंशांत वर वळवलेली असतात, ती याच कारणाने. आपल्या स्पीकरला तशी सोय नसेल तर पुढच्या कडेखाली टेकण देऊन तोंड कानाकडे करावं. टेकण म्हणून गेल्या वर्षीचे दोन जाड दिवाळी अंक पुरतात.