बारा जणी, चौदा दिवस

घरात नवा मोबाइल आला की आपण पहिलं काय करतो? तो रंगीत त्रिकोण शोधतो, त्यावर बोट ठेवतो आणि हवं ते ॲप उतरवून घेतो. गॅस बुकिंगचं, एसटीच्या तिकिटाचं, पोरांच्या अभ्यासाचं, भाचीसाठी स्थळं बघायचं. त्या त्रिकोणाला प्ले स्टोअर म्हणतात हे बालवाडीतल्या पोरालाही माहीत असतं. पण ते दुकान कुणाचं, तिथे आपला माल ठेवायला काय पडतं आणि दुकानदाराने एखाद्याला "तू बाहेर हो" म्हटलं तर त्याने जायचं कुठे, हे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. पीठ मिळाल्याशी मतलब, चक्कीचा हिशोब कोण विचारतो!

पण मैत्रिणींनो, आता विचारायला हवा. कारण ही ॲप्स बनवणारे सगळेच काही अमेरिकेत किंवा बंगळुरूत बसलेले नसतात. आपल्या मोताळा तालुक्यातल्या, रोहिणखेडसारख्या गावांतल्या मुली शेगावला, बुलढाण्याला, चिखलीला जाऊन कॉम्प्युटर शिकतात. त्यातली एखादी पुण्याला नोकरीला लागते. बाकीच्यांचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. "एकटीला एवढ्या लांब कसं पाठवायचं?", मग लग्न, मग बाळ, मग सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. डिग्री कपाटात आणि पोरगी चुलीपुढे. अशा मुलीला घरात बसून करता येण्यासारखी जी थोडी कामं आहेत, त्यात ॲप बनवणं हे एक. एक लॅपटॉप, बरं नेट आणि डोकं. शिलाई मशीनसारखंच. पाळणा हलवता हलवता करता येतं.

म्हणूनच त्या दुकानाचे नियम हा आपला विषय आहे.

रोहिणखेडच्या बायांना घाट म्हणजे काय हे सांगायला नको. आपला अख्खा जिल्हाच 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असा वाटलेला. घाटाच्या पायथ्याच्या या गावात १५८२ साली बांधलेली मशीद आहे. तिच्याही आधी १४३७ मध्ये आणि नंतर १५९० मध्ये इथे मोठ्या लढाया झाल्या. एवढ्याशा गावासाठी राजे-सुलतान का लढले असतील? कारण घाट! वऱ्हाडात उतरायची वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात येणारा-जाणारा. माल तुमचा, बैल तुमचे, घाम तुमचा. पण वर जायचं की नाही हे नाकेदार ठरवणार.

मोबाइलचंही तसंच झालंय. आपल्या देशातल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त फोनमध्ये गूगलचं अँड्रॉइड आहे आणि त्यात येताना प्ले स्टोअर बसवलेलंच येतं. उरलेल्यांकडे ॲपलचा आयफोन, त्याचं दुकान वेगळं. म्हणजे घाट दोनच, आणि आपल्या लोकांसाठी तर एकच.

आता समजा, अशाच एका मुलीने बचत गटासाठी एक ॲप बनवलं. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती, व्याज किती, सगळं मराठीत. अध्यक्ष-सचिवांची वहीवरची भांडणं संपली. ॲप तयार आहे. पुढे?

पहिली पायरी, नोंदणीचे २५ डॉलर. म्हणजे सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास, एकदाच. (ॲपलकडे ९९ डॉलर, आणि तेही दरवर्षी!) ओळखपत्र, पत्ता यांची तपासणी. इथपर्यंत ठीक. गाळा घ्यायचा तर अनामत लागतेच.

दुसरी पायरी मात्र चढणीची. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी वैयक्तिक खातं उघडलं, त्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी ठरावीक माणसांकडून ते सलग चौदा दिवस वापरून घ्यावं लागतं. सुरुवातीला ही माणसं वीस हवी होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती बारावर आली. बारा म्हणजे काय जास्त, असं तुम्ही म्हणाल. पुण्यात कंपनीत बसलेल्याने शेजारच्या टेबलांवर हाक मारली की बारा जण मिळतात. गावातल्या नव्या सुनेने कुणाला हाक मारायची? फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. आणि चौदा दिवस पुरे व्हायच्या आत एक-दोघी बाहेर पडल्या, संख्या बाराच्या खाली गेली, की चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून! कंपनी म्हणून नोंद केली तर ही अट नाही. पण त्यासाठी एका अमेरिकी संस्थेकडून नऊ आकडी ओळख क्रमांक मिळवावा लागतो. पापड लाटायला बसलेल्या बाईला आधी कारखान्याचा परवाना आणायला सांगावं, तशातली ही गत.

तिसरी पायरी मला सगळ्यात जास्त खटकते. एकटीने वैयक्तिक खातं काढलं आणि ॲपमधून पैसे कमवायचे ठरवले, की तिचं खरं नाव आणि पूर्ण पत्ता दुकानात सगळ्यांना दिसेल असा लावला जातो. ग्राहकाला माल विकणारा कोण हे कळावं, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण ज्या पोरीचं ऑफिस म्हणजे तिचंच घर, तिच्या घराचा पत्ता जगाच्या चव्हाट्यावर? आपण मुलींना फेसबुकवर फोटो टाकू नको म्हणतो, नंबर कुणाला देऊ नको म्हणतो. इथे तर दाराचा पत्ताच टांगायचा! पुरुषाला ही अट कागदाची वाटेल. बाईला रात्रीची झोप उडवणारी वाटते. कितीतरी घरांत "असले पैसे नकोत आपल्याला" म्हणून गोष्ट तिथेच संपेल, आणि दोष मात्र पोरीच्या हिमतीला लागेल.

आणि एवढं करून ॲप वर गेलं, तरी ते राहील याची खात्री नाही. नियमभंग झाला म्हणून ॲप काढलं जातं, कधी खातंच बंद होतं. पूर्वी बंद केलेल्या दुसऱ्या एखाद्या खात्याशी संबंध दिसला, तरी बंद होऊ शकतं. दाद मागायची सोय आहे, नाही असं नाही. पण समोर माणूस नसतो, ठरावीक साच्यातलं ई-मेल असतं. तलाठ्याच्या ऑफिसात निदान जाऊन बसता तरी येतं, "साहेब, माझं ऐका" म्हणता येतं. इथे कुणाच्या दारात बसायचं?

आता पैशाचं बघू. तुम्ही ॲपवरून पापड, लोणची, साड्या विकल्या तर प्ले स्टोअर कमिशन घेत नाही. पण आरी वर्कचे व्हिडिओ क्लास, गोष्टींचं ऑडिओ, अभ्यासाचे धडे, म्हणजे फोनमध्येच वापरायची वस्तू विकली, की कमिशन आलं. २०२१ पासूनचा नियम असा की, वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईपर्यंत १५ टक्के, त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंत. पैसे घ्यायची सोय तुम्ही स्वतःची लावलीत, तरी सूट फक्त चार टक्क्यांची. शंभर रुपयांच्या क्लासमागे पंधरा रुपये म्हणजे थोडे नव्हेत. त्याच वेळी आपल्या आठवडी बाजारात मिरची विकणारी मावशी टोपलीला क्यूआर अडकवून बसते आणि शंभराचे शंभर रुपये तिच्या खात्यात पडतात. यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, हा नियम जानेवारी २०२० पासून आहे. मावशीला जमतं ते पोरीला का जमू नये?

हे भांडण मोठ्यांनीही करून बघितलं. १ मार्च २०२४ ला गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून उतरवायला सुरुवात केली. शुल्क भरत नाहीत म्हणून. त्यात शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी, जीवनसाथी, नोकरी, कुकू एफएम अशी घराघरांत माहीत असलेली नावं होती. त्याआधी सुप्रीम कोर्टातही त्यांना तातडीचा दिलासा मिळाला नव्हता. ज्यांच्या फोनमध्ये ॲप होतं त्यांचं चालू राहिलं, पण नव्याने स्थळ शोधणाऱ्यांना दुकानाचं शेल्फ रिकामं! मग केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं आणि ५ मार्चला ॲप्स परत ठेवायचं ठरलं. शुल्काचा वाद तसाच राहिला.

चार-पाच दिवसांत प्रश्न मंत्र्यांपर्यंत गेला, कारण त्या कंपन्या मोठ्या होत्या. वकील होते, ओळखी होत्या, वर्तमानपत्रात बातम्या आल्या. रोहिणखेडच्या पोरीचं ॲप उतरलं तर कोण मंत्री बैठक बोलावणार? बातमी सोडा, शेजारणीलाही कळायचं नाही.

नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. दारावर राखणदार नको, असं माझं म्हणणं नाही. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी किती बायांना रडवलं, आठवा. पाच हजारांचं कर्ज, आठवड्यात दुप्पट वसुली, फोनमधले फोटो खराब करून नातेवाइकांना पाठवायच्या धमक्या. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने अशी अडीच हजारांहून जास्त कर्ज ॲप्स काढून टाकली. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' म्हणून एपीके फाइल येते, उघडली की बँकेचं खातं साफ, हेही आपण ऐकतोच. तेव्हा तपासणी हवीच, कडकही हवी.

माझं भांडण वेगळं आहे. राखणदारानेच दार आपल्या मालकीचं केलं, जकातही त्यानेच ठरवली, आत स्वतःचंही दुकान थाटलं आणि तक्रार आली तर न्यायाधीशही तोच, याला राखण म्हणत नाहीत. चोराला आणि कष्टाळू पोरीला एकच चाळणी लावली, तर चोर चाळणी फाडून जातो आणि पोरगी अडकते. चोराकडे दहा खोटी खाती असतात हो, हिच्याकडे एकच असतं, आणि तेही खरं!

बदल होत नाही असं मात्र समजू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पैसे घेण्याच्या या सक्तीवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला, म्हणजे दंड घटला, पण पुसला गेला नाही. दक्षिण कोरियाने तर २०२१ मध्येच कायदा करून सांगितलं, पैसे घ्यायची स्वतःचीच सोय वापरा अशी सक्ती करायची नाही. फोनपेच्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस नावाचं दुसरं दुकान काढलं, बारा भारतीय भाषांतलं. आपल्या बाजार समित्यांचं आठवत असेल, भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं २०१६ मध्ये ठरलं. तोवर 'आडत ही अशीच असते' असंच सगळे म्हणायचे की!

उलट दिशेनेही वारं वाहतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲप्सच्या निर्मात्यांनाही ओळख पटवून द्यावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये आणि २०२७ पासून पुढे इतरत्र. विद्यार्थ्यांना, हौशींना सवलत देऊ असंही नंतर सांगितलं. फसवणूक थांबणार असेल तर बरंच आहे. पण घाटाशेजारच्या पायवाटेवरही आता नाका बसणार, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग मागायचं काय? फार नाही. एकटीने काम करणाऱ्या बाईचा पूर्ण पत्ता कंपनीने स्वतःजवळ ठेवावा, पोलिसांनी किंवा कोर्टाने मागितला तर द्यावा, दुकानात फक्त तालुका आणि ई-मेल लावावा. ॲप काढण्याआधी नेमकं काय चुकलं ते समजेल अशा भाषेत सांगावं आणि एकदा तरी जिवंत माणसाने ऐकून घ्यावं. आणि पैसे कसे घ्यायचे ते विकणाऱ्या-घेणाऱ्याने ठरवावं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती अगदी आजपासून करता येण्यासारखी. बारा जणी, चौदा दिवस! अहो, आपला बचत गट असतो दहा ते वीस जणींचा. महिन्याला हप्ता न चुकवता भरणाऱ्या बाया आपण, चौदा दिवस एक ॲप फोनमध्ये ठेवणं आपल्याला काय जड? गावातली ओळखीची मुलगी काही बनवत असेल, तर पुढच्या बैठकीत तिला बोलवा. तिच्या तोंडून ऐका, नीट विचारून घ्या, अनोळखी लिंक मात्र कुणाचीच उघडू नका. मग बारा जणींची नावं द्या. वापरा, चुका काढा, "हे बटण दिसत नाही गं", "व्याज चुकतंय" असं तोंडावर सांगा. शहरातल्या पोराला मिळणार नाहीत इतक्या खऱ्या परीक्षक तिला मिळतील. आणि तिने शंभर रुपये मागितले तर "घरबसल्या तर करतेस, फुकट दे" म्हणू नका. शिलाईचे पैसे आपण देतोच ना?

नाक्यावरचे नियम बदलायला वेळ लागेल. पण चढणीवर गाडीला मागून हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही.