समुद्राची नोंदवही

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आपल्या घरी मांस वर्ज्य असते. त्या दिवशी औरादच्या बाजारातून आणलेली मूठभर सुकट कांदा-मिरचीवर परतली, की ज्वारीच्या भाकरीबरोबर साऱ्या घराचे जेवण होते. सरळ रेषेत मोजले तरी गोव्याचा किनारा येथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेलाही नाही. तथापि समुद्राचे देणे असे आपल्या ताटापर्यंत येऊन पोचते. त्या ताटावर कृतज्ञतेची प्रार्थना म्हणताना, हा एवढासा जवळा स्वतः काय खाऊन वाढला असेल, असा प्रश्न कधी मनात आला आहे काय?

याचे उत्तर नवलाचे आहे. समुद्राच्या पाण्यात असंख्य बारीक जीव तरंगत असतात. त्यांतील बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. प्रवाह नेईल तिकडे ते जातात, म्हणून शास्त्रात त्यांस 'प्लवक' असे म्हणतात. त्यांतील वनस्पती-प्लवक आपल्या शेतातील पिकाप्रमाणेच सूर्यप्रकाशावर अन्न तयार करितात. प्राणी-प्लवक त्या पिकावर चरतात, त्यांवर लहान मासे जगतात आणि लहानांवर मोठे. पृथ्वीवरील सर्व वनस्पती मिळून जेवढे अन्न निर्माण करितात, त्यापैकी सुमारे निम्मे या सूक्ष्म जीवांकडून होते. जे आपणांस ओसाड पाणी वाटते, ते वस्तुतः परमेश्वराने पसरलेले एक अफाट कुरण आहे.

हे कुरण वर्षानुवर्षे सारखेच राहते काय? हे केवळ आठवणीवर विसंबून सांगता येत नाही. आपल्या गावातील दोन वडीलधाऱ्यांस विचारा, की पूर्वी विहिरीला पाणी किती असे. एक म्हणेल, बारा महिने काठोकाठ असे. दुसरा म्हणेल, आम्हीही चैत्रात तळ पाहिला आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. परंतु लिहून कोणीच ठेवलेले नसते, आणि वाद तसाच राहतो.

याउलट आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याची व दफनाची नोंदबुके पाहा. फादरांनी एकेका दिवशी एकेक ओळ लिहिली. त्या दिवशी त्या ओळीचे महत्त्व कोणास वाटले नसेल. पण पन्नास वर्षांची पाने एकत्र चाळली, की कोणत्या वर्षी साथ आली आणि कोणती घराणी पोटासाठी शहराकडे गेली, हे सारे त्यांतून दिसू लागते.

समुद्राचीही अशीच वही ठेवली पाहिजे, हे अॅलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाने ओळखले. १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात 'डिस्कव्हरी' जहाजावर असताना त्यांनी एक यंत्र वापरून पाहिले. ते जहाजामागे ओढले जाई आणि आत शिरणाऱ्या पाण्यातील प्लवक एका रेशमी पट्टीवर गाळले जात. १९३१ पासून उत्तर समुद्रात नेहमीची मालवाहू जहाजे हे यंत्र ओढू लागली. दुसऱ्या महायुद्धात हे काम थांबले, युद्धानंतर पुन्हा सुरू झाले, आणि आजही इंग्लंडमधील प्लिमथ येथून चालू आहे. त्या पट्ट्यांवरूनच कळून आले, की १९६० नंतरच्या चाळीस वर्षांत उष्ण पाण्यातील काही प्राणी-प्लवक सुमारे हजार किलोमीटर उत्तरेकडे सरकले. पूर्वीचे थंड पाण्यातील प्लवक घटले, आणि त्यांवर पोसणारी कॉड माशाची पिले उपाशी पडू लागली. एका वर्षाची पट्टी पाहून हे कोणासही सांगता आले नसते. याच हार्डी यांनी उतारवयात, १९६९ साली, माणसांना येणाऱ्या धार्मिक अनुभवांची नोंद व अभ्यास करण्यासाठी ऑक्सफर्ड येथे एक केंद्र स्थापिले, हेही आपल्या वाचकांस ठाऊक असावे.

आपल्या देशात १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठिकाण गोव्यात दोना पावला येथे आहे. या संस्थेने १९९७ पासून कांदोळी गावासमोर, किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर, समुद्रातील एकच जागा ठरवून घेतली. तेथे पाण्याची खोली सुमारे २७ मीटर आहे. वेळोवेळी त्याच जागी होडीने जावयाचे, निरनिराळ्या खोलीवरील पाणी बाटल्यांत भरावयाचे, त्यातील प्राणवायू, क्षार व प्लवक तपासावयाचे आणि लिहून ठेवावयाचे, असे हे काम. दिसावयास अगदी साधे. पण भर पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात होडी नेणे काय असते, हे कोळी बांधवांसच विचारावे.

या नोंदींतून काय दिसले? पावसाळ्यातील वाऱ्यांमुळे खोल समुद्रातील थंड पाणी किनाऱ्याकडे वर चढते. त्यात प्लवकांना लागणारे खत भरपूर असते, मात्र प्राणवायू थोडा असतो. त्यावर पावसाचे व नद्यांचे हलके गोडे पाणी झाकणासारखे पसरते. प्लवकांचे पीक माजते, मरते आणि तळाशी जाऊन कुजते. त्या कुजण्यात उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी तो जवळजवळ संपतो, आणि कधी पाण्यात सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायूही निर्माण होतो. हे मुळात निसर्गक्रमानेच घडते. परंतु डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जुन्या मापांशी ताडून दाखविले, की हा प्रकार पूर्वीपेक्षा तीव्र झाला आहे. शेतांतून वाहून येणारे नत्रखत हे त्याचे कारण असावे, असा त्यांचा कयास होता.

दुसरे उदाहरण अरबी समुद्राच्या उत्तर भागातील. तेथे हिवाळ्याअखेर पूर्वी डायाटम नावाच्या वनस्पती-प्लवकांचे पीक येई. अलीकडच्या काळात त्यांच्या जागी नॉक्टिल्युका नावाच्या जीवाचे हिरवे थर दिसू लागले. हा जीव रात्री लहरींबरोबर चमकतो. पण त्यास खाणारे मासे फार थोडे. पाण्यातील प्राणवायू घटल्यामुळे तो माजला, असे डॉ. हेल्गा गोम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडले. इतर काही शास्त्रज्ञांस हे कारण मान्य नाही. असा वाद मोठ्या आवाजाने मिटत नाही. पुढील वीस-तीस वर्षांच्या प्रामाणिक नोंदींनीच तो मिटावयाचा आहे.

आपण शेतकरी, आपणांस याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्या शिवारातून निघालेले पाणी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. कलबुर्गीकडील भीमा कृष्णेवाटे त्याच उपसागराला जाते. तेव्हा पिकाला न लागलेले जे खत पावसाच्या लोंढ्यात वाहून जाते, ते पुष्कळ दूरचा प्रवास करू शकते. त्या दूरच्या किनाऱ्यावरही आपल्यासारखीच कुटुंबे आहेत, आणि त्यांचे शेत म्हणजे समुद्र. ख्रिस्तवासी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्लवकांचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. सहसा ज्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही असे हे जीव संकटात आहेत, आणि आपल्या अन्नातील मासे अखेर त्यांवरच अवलंबून आहेत, असे त्यांनी सांगितले. जगाच्या धर्मपित्याने इतक्या लहान जीवाची आठवण ठेवावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

समुद्राची वही लिहिणारे ती लिहीत आहेत. आपल्या हाती आहे ते आपल्या विहिरीचे पाणी आणि आपल्या शेतातील खत. म्हणून सुचवावेसे वाटते, की प्रत्येक घराने एक शाळेची वही घ्यावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर दोर सोडून विहिरीचे पाणी किती हातांवर आहे ते पाहावे, त्या महिन्यात खत किती टाकले तेही लिहावे, आणि तारीख घालावी. एखादा महिना चुकला तर तेथे कोरी जागा ठेवावी, अंदाजाने आकडा भरू नये. हे काम घरातील नववी-दहावीच्या मुलामुलीकडे सोपवावे. मृगाच्या आधी सुरुवात केली, तर पुढील प्रायश्चित्तकाळापर्यंत वहीची पहिली दोन पाने भरलेली असतील.