विश्लेषण : दहावी-बारावीनंतरचा रस्ता कोण दाखवतो? ठाणे, कल्याण-डोंबिवलीत समुपदेशनाची स्थिती काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या स्टेशन परिसरात क्लासच्या फलकांवर टॉपरचे फोटो झळकू लागतात. प्रवेश अर्ज भरण्यासाठी सायबर कॅफेंबाहेर गर्दी होते. कोणती शाखा, कोणते विषय आणि कोणते महाविद्यालय निवडायचे, याचा निर्णय मात्र बहुतेक घरांत जेमतेम दोन-तीन आठवड्यांत होतो. या काळात शाळेकडून विद्यार्थ्याला नेमकी किती मदत मिळते?

माहिती न पोहोचल्यास काय होते?

याचे ठळक उदाहरण २०२४ मधील आहे. बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कक्षेत आले. त्यामुळे राज्यात प्रथमच या अभ्यासक्रमांसाठी सीईटी झाली. त्याआधी बारावीच्या गुणांवर महाविद्यालयातच प्रवेश मिळत असे. बदलाची माहिती अनेक विद्यार्थ्यांपर्यंत वेळेत पोहोचलीच नाही. सीईटीच्या नोंदणीची मुदत बारावीच्या निकालाआधीच संपली होती. राज्यात या अभ्यासक्रमांच्या एक लाखाहून अधिक जागा होत्या, पण परीक्षा दिलेल्यांची संख्या त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. अखेर सीईटी कक्षाला ऑगस्टमध्ये अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी नाव बदलून ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ असे अभ्यासक्रम सुरू केले. दोन्ही पदव्यांत फरक काय, हे विचारायचे कुणाला, असा प्रश्न पालकांपुढे होता.

शाळेत समुपदेशक असतो का?

सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची तरतूद आहे. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यासारख्या भागातील मोठ्या खासगी शाळांत असे पद दिसते. राज्य मंडळाच्या बहुतेक अनुदानित मराठी शाळांत मात्र हे काम वर्गशिक्षकाकडेच येते. अध्यापन, पेपर तपासणी आणि निवडणुकीच्या कामांतून उरलेल्या वेळात ते करावे लागते. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ असावा, असे निर्देश दिले. पण त्यांचा रोख विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर आहे. परीक्षेचा ताण हाताळणे आणि प्रवेशाचे नियम समजावून सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकच व्यक्ती दोन्ही करील, अशी अपेक्षा ठेवली तर दुसरे काम मागे पडते.

सरकारने काय केले?

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत विद्यार्थ्याचा कल कुठे आहे, हे त्यातून कळत असे. पण कल म्हणजे क्षमता नव्हे. त्यामुळे पुढे अभिक्षमता चाचणीची जोड देण्यात आली. करोनाकाळात हा उपक्रम थांबला. २०२० मध्ये युनिसेफच्या सहकार्याने नववी ते बारावीसाठी ‘महाकरिअर’ पोर्टल आले. पोर्टलवर अभ्यासक्रमांची आणि शिष्यवृत्तींची माहिती असते. ‘माझ्या मुलीला ५८ टक्के आहेत, आता काय?’ या प्रश्नाला मात्र समोर बसून उत्तर देणारा माणूस लागतो.

ठाणे जिल्ह्यात वेगळे काय?

ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘आयपीएच’ ही संस्था अभिक्षमता चाचण्या आणि करिअर समुपदेशन करते. संस्थेच्या ‘वेध’ या व्यवसाय प्रबोधन परिषदेचीही येथे जुनी परंपरा आहे. म्हणजे या पट्ट्यात मार्गदर्शन उपलब्ध आहे, पण ते शोधत जाणाऱ्या आणि चाचणीचे पैसे भरू शकणाऱ्या पालकांनाच सहज मिळते. दिवा, मुंब्रा किंवा कल्याण पूर्वेत राहणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयात जाणार असलेल्या विद्यार्थ्याचा सल्लागार बहुधा क्लासचालक किंवा अर्ज भरून देणारा दुकानदार असतो. क्लासचालकाचा सल्ला विज्ञान शाखा आणि ‘इंटिग्रेटेड’ महाविद्यालयाकडे झुकणे स्वाभाविक आहे, कारण त्याचे शुल्क त्यावरच अवलंबून असते.

चुकीच्या पसंतीची किंमत किती?

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाले. त्यात जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. अभियांत्रिकीत २०२५ पासून पहिल्या फेरीत पहिली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जागा मिळाली, तर ती अंतिम मानली जाते. म्हणजे मित्राने भरले म्हणून वरच्या क्रमांकावर टाकलेले दूरचे महाविद्यालय गळ्यात पडू शकते. डोंबिवलीहून माटुंग्याला रोज गर्दीच्या लोकलने जाणे जमेल का, याचा विचार यादी भरण्याआधीच व्हायला हवा.

विषयांचेही तसेच आहे. अकरावीत गणित सोडले तर अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चरची वाट जवळपास बंद होते. एनडीएत लष्करासाठी कोणतीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. दुसरीकडे, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

पालकांनी आत्ता काय करावे?

* हव्या असलेल्या पदवीसाठी बारावीत कोणते विषय अनिवार्य आहेत आणि सीईटी आहे का, हे अकरावीचा अर्ज भरण्याआधी तपासावे.
* सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील नोंदणीच्या तारखा बारावीच्या वर्षी डिसेंबरपासूनच पाहाव्यात.
* महाविद्यालयाचे मागील वर्षीचे कट-ऑफ, शुल्क आणि प्रवासाचा वेळ एका कागदावर लिहून मगच पसंतीक्रम ठरवावा.
* सल्ला देणाऱ्याला आपल्या प्रवेशातून काही मिळते का, हे विचारावे.

शाळांनाही यासाठी नवे पद मंजूर होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. नववीतच पालकांची एक बैठक घेऊन विषय, प्रवेश परीक्षा आणि तारखांचा तक्ता हाती दिला, तरी २०२४ सारखी धावपळ बऱ्याच अंशी टळू शकते. विद्यार्थ्याची आवड आणि क्षमता ओळखण्यासाठी मात्र प्रशिक्षित समुपदेशकच लागेल. त्याचा खर्च शासनाने उचलायचा की पालकांनी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.