फोन कोण करतो?

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक अग्रलेख ठरलेला. त्यात एनआरए, म्हणजे तिथली नॅशनल रायफल असोसिएशन येते, तिचे डॉलर येतात आणि त्या डॉलरांनी विकत घेतलेली संसद येते. तिकडच्या मराठी मंडळांच्या पंगतीतही सूर हाच: "सगळे विकले गेलेत हो!" हे निदान सोयीचे आहे, कारण ते मान्य केले की आपल्याला काही करावे लागत नाही. पण ते बहुतांशी चूक आहे. तिथले बंदूकनियंत्रणाचे कायदे अडतात याचे मोठे कारण म्हणजे बंदूक बाळगणारा मतदार आपल्या लोकप्रतिनिधीला वेळेवर, नेमके आणि न कंटाळता गाठतो. आणि त्याचे ते गाठणे शंभर टक्के रास्त आहे.

माझे स्वतःचे मत आधीच सांगून टाकतो. बंदूक विकण्यापूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासलीच पाहिजे, या मताचा मी आहे. म्हणजे हे फोन करणारे माझ्या पक्षाचे नव्हेत. तरी त्यांच्यावर होणारा आरोप खोटा असेल तर तो खोटाच.

14 डिसेंबर 2012 रोजी कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत 20 मुले आणि 6 मोठी माणसे मारली गेली. चार महिन्यांनी, 17 एप्रिल 2013 रोजी, सिनेटपुढे मांचिन-टूमी दुरुस्ती मताला आली. बंदुकांच्या प्रदर्शनांतल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीलाही तपासणी लावावी, एवढीच तिची माफक मागणी. मांडणाऱ्या दोघांनाही एनआरएची अव्वल श्रेणी मिळालेली. जनमत चाचण्यांत दहातले जवळजवळ नऊजण तपासणीच्या बाजूचे. मते पडली 54 विरुद्ध 46. हवी होती 60.

यात पैसा कुठे होता? न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या गटाने तपासणीच्या बाजूने 13 राज्यांत 1 कोटी 20 लाख डॉलरच्या जाहिराती केल्या होत्या. म्हणजे थैल्या दोन्हीकडे सुटल्या होत्या. एनआरएच्या राजकीय निधीतून एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी थेट देता येतात 5,000 डॉलर; सिनेटच्या प्रचारात ही रक्कम चहापाण्याला पुरणार नाही. स्वतंत्र जाहिरातबाजीवर मात्र हवा तेवढा खर्च करता येतो, आणि 2016 साली ट्रम्प यांच्यासाठी या संस्थेने सुमारे 3 कोटी डॉलर ओतले, हे मी नाकारत नाही. पण नॉर्थ डकोटाच्या डेमोक्रॅट सिनेटर हायडी हाइटकँप यांचे काय? दुरुस्तीच्या विरोधात मत देताना त्यांची पुढची निवडणूक साडेपाच वर्षे लांब होती. त्यांनी कारण दिले ते आपल्या राज्यातल्या लोकांनी प्रचंड प्रमाणात विरोध कळवला हे. देशातले दहातले नऊजण चाचणीवाल्याने विचारल्यावर 'हो' म्हणाले होते. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क आणि फार्गोकडच्या लोकांनी कुणी न विचारता फोन उचलला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात कोलोरॅडोत याहून बोलके प्रकरण घडले. राज्याने मॅगझिनमध्ये 15हून अधिक गोळ्या नकोत असा कायदा केला, तपासणीही वाढवली. त्यावरून तिथल्या सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि पुएब्लोच्या आमदार अँजेला हिरोन यांना मतदारांनी मुदतीआधीच घरी बसवले. पुएब्लोतली मोहीम उभारण्यात पुढाकार होता एका प्लंबरचा. ब्लूमबर्ग यांनी एकट्याने साडेतीन लाख डॉलर दिले होते, आणि एकूण खर्चातही कायद्याची बाजू विरोधकांच्या कितीतरी पुढे होती. मोर्स हरले तीन-साडेतीनशे मतांनी. (कायदा मात्र टिकला, आणि पुढच्याच वर्षी दोन्ही जागा डेमोक्रॅटांनी परत घेतल्या. तेव्हा या लोकांना अजिंक्य समजण्याचेही कारण नाही.)

लोकप्रतिनिधीच्या कचेरीत फोन गेला की तो बहुधा विशी-बाविशीतला इंटर्न उचलतो. नाव विचारतो, झिप कोड विचारतो, विधेयकाच्या बाजूने की विरोधात ते विचारतो आणि संगणकात नोंद करतो. मतदारसंघाबाहेरचा झिप कोड निघाला तर त्या फोनची किंमत जवळजवळ शून्य. 2001च्या अँथ्रॅक्सच्या पत्रांनंतर वॉशिंग्टनला जाणारी टपाल तपासणीत रेंगाळते, म्हणून फोन आणि ईमेलचे महत्त्व वाढले. एकाच मसुद्याचे हजार ईमेल आले तर त्यांचा एक गठ्ठा होतो. स्वतःच्या शब्दांत लिहिलेले पत्र वेगळे काढले जाते. गन क्लबातल्या माणसाला हे सगळे तोंडपाठ असते. विधेयकाचा क्रमांक काय, ते कोणत्या समितीपुढे आहे, सुनावणी कोणत्या वारी, हे त्याला ठाऊक असते. आपला सुशिक्षित उदारमतवादी माणूस मात्र राष्ट्राध्यक्षांना उद्देशून फेसबुकवर चार ओळी टाकतो आणि आपल्या राज्याच्या आमदाराचे नाव विचारले की गप्प होतो.

यावर एक आक्षेप खास मराठी वळणाचा आहे: अर्ज-विनंत्यांनी कधी काही झाले आहे का? 1870मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांवर अर्ज केले आणि पुढे जहालांनी त्या राजकारणाची भीक मागणे म्हणून टिंगल केली. टिंगलीत तथ्य होते, कारण अर्ज जिच्या टेबलावर जात होता त्या सत्तेला अर्जदाराच्या मताची गरजच नव्हती. कोलोरॅडोच्या डेन्व्हरमध्ये किंवा व्हर्जिनियाच्या रिचमंडमध्ये बसलेल्या आमदाराला ती असते. गाऱ्हाणे घेऊन सरकारकडे जाण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत आहे आणि शस्त्र बाळगण्याचा दुसऱ्या. दोन्ही 1791 सालच्या. दुसरीबद्दल वाद घालायचा तेवढा घाला. पहिली दोन्ही पक्षांची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. मूठभर हट्टी लोकांनी बहुमताला वेठीस धरावे, ही कसली लोकशाही? याचे अर्धे उत्तर सिनेटच्या रचनेत आहे. लहान राज्यालाही दोन आणि कॅलिफोर्नियालाही दोन जागा, वर 60 मतांची अट. तिथे अल्पमताला जास्तीचे बळ मिळतेच, आणि त्यावर टीका जरूर करावी. पण उरलेले अर्धे असे की ज्याला एखादा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो त्याचे म्हणणे प्रतिनिधीने अधिक कान देऊन ऐकावे, यात मला अन्याय दिसत नाही. एरवी सगळा कारभार चाचणीवाल्यांवरच सोपवावा लागेल. फोनवर धमक्या देणारेही असतात, तो गुन्हा आहे आणि त्याला माझ्या समर्थनात जागा नाही.

व्हर्जिनियात हे दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाले. 20 जानेवारी 2020 रोजी रिचमंडमध्ये बंदुकीच्या हक्कासाठी सुमारे 22,000 माणसे जमली. राज्यपालांनी विधानभवनाच्या आवारात शस्त्रबंदी केलेली. म्हणून हजारो जण आत न जाता रायफली खांद्याला लावून बाहेर रस्त्यावर उभे राहिले; जगभरच्या कॅमेऱ्यांनी टिपले ते हेच. पण त्याच दिवशी छातीवर नारिंगी स्टिकर चिकटवलेले, निःशस्त्र, साधे लोक आमदारांच्या कचेऱ्यांच्या दारांत आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. फेब्रुवारीत राज्याच्या सिनेटच्या समितीने असॉल्ट रायफलींवरील बंदीचे विधेयक पुढच्या वर्षावर ढकलले आणि चार डेमोक्रॅटांनी ते ढकलण्याच्या बाजूने मत दिले. मात्र त्याच अधिवेशनात खासगी विक्रीतली तपासणी आणि धोकादायक माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची तरतूद मंजूर झाली. कारण सँडी हुकच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या 'मॉम्स डिमांड अॅक्शन' या बंदूकनियंत्रणवादी संघटनेच्या लाल टी-शर्टातल्या बायका कित्येक वर्षे त्याच दारांत हेलपाटे घालत आल्या होत्या. त्यांनी प्रतिपक्षाला शिव्या देण्यात वेळ न दवडता त्याची पद्धत उचलली.

व्हर्जिनियातल्याच फेअरफॅक्स आणि लाउडनमध्ये मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना मत नाही, पण फोन घेणारा इंटर्न पत्ता विचारतो, पासपोर्ट मागत नाही. त्यांची मुले तिथल्याच शाळांत जातात, बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचे याच्या कवायती करतात. फोन करायला दोन मिनिटे लागतात. आणि एखाद्या मराठी घरात परवान्याचे पिस्तूल असेल, नवा कायदा त्यांना जाच वाटत असेल, तर त्यांनीही खुशाल फोन करून विरोध नोंदवावा.