संगणकाची निगा

बँकेच्या तिजोरीघरातील लॉकर उघडण्यास दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि दुसरी ग्राहकाची. इंटरनेट बँकिंगमध्ये ही व्यवस्था थोडी बदलली आहे. ग्राहकाची ओळख पटली की बँकेकडील दार आपोआप उघडते. तेथे कोणी अधिकारी किल्ली घेऊन उभा नसतो. साहजिकच ग्राहकाकडील किल्लीचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे, आणि अनेक घरांत ती किल्ली बैठकीच्या खोलीतील संगणकामध्ये असते. त्या संगणकाची अवस्था काय आहे, हा प्रश्न ग्राहक स्वतःला विचारीत नाही आणि आपणही शाखेत त्याला विचारीत नाही. ‘ओटीपी कोणास सांगू नका’ एवढा फलक लावून आपण थांबतो.

सुरक्षा ही विकत आणावयाची वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. अँटिव्हायरसचे वर्षाचे शुल्क भरले की कर्तव्य संपले. माझे मत निराळे आहे. संगणकाची सुरक्षा हा खरेदीचा विषय नसून निगेचा आहे. पाण्याची टाकी आपण वरचेवर धुऊन घेतो, गॅसची नळी मुदत संपली की बदलतो, पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या भेगा बुजवतो. संगणकाच्या पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना उमटली की मात्र ‘नंतर’ या बटणाकडे हात जातो.

या ‘नंतर’ची किंमत जगाने २०१७ साली मोजली. विंडोजमधील एक गंभीर दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मार्च महिन्यात दिली होती. पुढे १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच दोषातून आत शिरला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेस रुग्णांच्या हजारो नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. बळी पडलेल्यांपैकी बहुतेक संगणक विंडोज ७ वर चालणारे होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिन्यांपासून उपलब्ध होती. ती बसवलेली नव्हती, इतकेच.

पुढील महिन्यात, २७ जून रोजी, ‘नॉटपेट्या’ आला. त्याची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण केवळ अपडेट केल्याने भागत नाही हे तीतून कळते. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो पसरला. जुन्या दोषाचा उपयोग तर त्याने केलाच, शिवाय संगणकाच्या स्मृतीतील पासवर्ड चोरून दुरुस्त केलेल्या यंत्रांतही तो घुसला. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील कामकाज ठप्प झाले. आपल्या न्हावा शेवा येथील बंदरातही तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंपनीस दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे तिचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती बाळगून होते, आणि एकमेकांशी सतत जोडलेले असल्यामुळे ते सारे एकदमच पुसले गेले. वाचला तो एकच, घाना देशातील. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. वीज जाण्याचे असे उपकार क्वचितच नोंदवले गेले असतील!

घरगुती वापरासाठी यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. छायाचित्रे, विम्याची कागदपत्रे, आयकराची विवरणे यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क संगणकासोबतच बुडते. महिन्या दोन महिन्यांनी तीवरील एखादी फाइल उघडून पाहावी. उघडत नसलेली प्रत असून नसल्यासारखीच. दुसरी गोष्ट खात्यांची. आपल्याकडे घरातील संगणक म्हणजे सामायिक मालमत्ता. वडिलांचे व्यवहार, मुलांचे खेळ आणि पाहुण्यांनी उतरवलेली गाणी, सारे एकाच खात्यातून आणि तेही सर्वाधिकार असलेल्या. खेळासोबत आलेल्या प्रोग्रामास मग आयतीच पूर्ण मोकळीक मिळते. प्रत्येकास मर्यादित अधिकाराचे स्वतंत्र खाते द्यावे आणि सर्वाधिकाराचे खाते सॉफ्टवेअर बसवण्यापुरते राखून ठेवावे. याने एकोपा बिघडत नाही. एका छपराखाली राहणाऱ्यांची बँक पासबुकेही वेगवेगळी असतातच.

जुन्या प्रणालींविषयी अनेक ज्येष्ठ ग्राहकांना माझे म्हणणे रुचणार नाही. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ‘यंत्र उत्तम चालते आहे, मग बदलू कशाला?’ हा प्रश्न काटकसरीच्या दृष्टीने रास्त आहे. ते यंत्र टाकून द्या असे मी म्हणणार नाही. त्यावर लेखन करावे, संगीत ऐकावे, नातवंडांची छायाचित्रे पाहावीत. मात्र ज्या प्रणालीतील नवे दोष कोणी दुरुस्त करीत नाही, तिच्यावरून बँकेचा व्यवहार करू नये. नवे यंत्र घेणे परवडत नसेल तर त्याच यंत्रावर लिनक्सची विनामूल्य प्रणाली बसवता येते. त्यापेक्षा वाईट मार्ग म्हणजे ओळखीतल्या कोणाकडून ‘सगळे फुकटात’ टाकून घेणे. चोरीच्या प्रती चालू करणारी साधने बहुधा पहिली अटच घालतात, ती अँटिव्हायरस बंद करण्याची. पहारेकऱ्यास सुट्टी देऊन आत आलेल्या पाहुण्याने काय केले, हे मग कोणास कळावे?

खासगीपणाचा विचार तर आपण त्याहूनही कमी करतो. आपल्या संगणकातील ‘डाउनलोड्स’ हे कप्पे एकदा उघडून पाहावेत. आधार, पॅन, फॉर्म १६, रद्द केलेल्या धनादेशाचे छायाचित्र आणि खात्याचे उतारे तेथे वर्षानुवर्षे माळ्यावरच्या सामानासारखे पडून असतात. बँक उताऱ्यास पासवर्ड लावून पाठवते. ग्राहक तो उघडतो आणि सोयीसाठी बिनपासवर्डाची प्रत शेजारीच जतन करतो! पुढे संगणक बिघडतो, आणि लॉगइनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी यंत्राला चिकटवून, सारा संसार दुरुस्तीच्या दुकानात पोहोचवला जातो. दुकानदार प्रामाणिक असेलही, बहुतेक असतातच. तरीही यंत्र देण्यापूर्वी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढावेत, ई-मेलमधून बाहेर पडावे आणि अशी कागदपत्रे हलवावीत. संगणक विकताना तर फाइल पुसून कचरापेटी रिकामी करणे पुरेसे नाही. त्याने फाइलचा पत्ता जातो, मजकूर डिस्कवर राहू शकतो आणि साध्या साधनांनी परतही आणता येतो. विंडोज पूर्ववत करताना ‘ड्राइव्ह स्वच्छ करा’ हा पर्याय निवडावा. वेळ लागतो, पण लागू द्यावा.

दूरवरून दुसऱ्याचा संगणक हाताळू देणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ही साधने मुळात उपयुक्तच आहेत. तथापि बँकेचा कोणताही कर्मचारी ती बसवण्यास सांगत नाही, हे ग्राहकांस सांगण्याचे काम आपल्या काउंटरवरील सहकाऱ्यांचे आहे. त्याचप्रमाणे बँकांच्या संकेतस्थळांसाठी आता ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आहे. शोधयंत्रात बँकेचे नाव घालून येईल त्या पहिल्या दुव्यावर जाण्यापेक्षा हा पत्ता स्वतः टंकित करावा.

हे सारे दुर्लक्षिले गेल्यास आर्थिक बाजू काय, तेही पाहू. ग्राहकाच्या दायित्वाविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने भेद केला होता. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे दायित्व शून्य. पासवर्डसारखी माहिती ग्राहकानेच दुसऱ्यास दिली असेल, तर कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. तेव्हा संशय आल्यास लाज वा भीड न बाळगता त्वरित कळवावे. आधी संगणकाची इंटरनेट जोडणी तोडावी, मग दूरध्वनीवरून बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून. संशयित संगणकावरच नवा पासवर्ड टंकित केला, तर तोही पहिल्याच्याच वाटेने जाण्याचा संभव असतो.